मागणी नाही



वाचनालयाच्या दारावर आता जात विचारत नाहीत. दार उघडं असतं. कुणीही आत जावं, पेपर चाळावा, पंख्याखाली बसावं. पण आतल्या कपाटात कोणतं पुस्तक येणार आणि कोणतं येणार नाही, हे कोण ठरवतं? कुणाच्या पैशानं ठरवतं? नामांतरासाठी आपण लढलो. 'रिडल्स'साठी १९८८ साली मुंबईच्या रस्त्यावर उतरलो. स्कॉलरशिपसाठी तर रोजच लढतोय. पुस्तकखरेदीच्या यादीकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. ती यादी म्हणजे कारकुनी काम, असं आपल्याला वाटतं.

मी सूतगिरणीत रिंगवर काम करतो. ब्लोरूममध्ये जे मिक्सिंग पडतं तेच सूत रिंगवर निघतं. रिंगवाल्यानं किती घाम गाळला तरी हलक्या कापसाचं बारीक सूत निघत नाही. वाचनालयाचंही तसंच असतं. वाचक काय वाचणार ते वाचक आत यायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. आणि ते ठरवणारी कमिटी ही काही आजची नाही.

गोष्ट दक्षिणेपासून सुरू होते. पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. पैसा कुणाचा? रयतेचा. कुणब्यानं नांगरलं, महारानं गावकी केली, मांगानं दोर वळला, त्यातून महसूल निघाला आणि तो श्रावणात वाटला गेला. १८१८ साली पेशवाई बुडाली, दक्षिणा नाही बुडाली. इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. भटजी बिथरतील ही भीती. त्यांनी तिच्यातला काही पैसा १८२१ साली पुण्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढं १८४९ साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातून मराठी पुस्तकांना उत्तेजन द्या. त्यावरून पुण्यात मोठी बोंबाबोंब झाली. सनातन्यांना वाटलं, आपल्या ताटातलं चाललं. पण अर्ज मान्य झाला. चांगलं मराठी पुस्तक लिहिणाऱ्याला बक्षीस द्यायचं ठरलं आणि त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी आली.

पुस्तक निवडून त्यावर सार्वजनिक पैसा खर्चायचा, हे काम मराठीत या कमिटीपासून नीट सुरू झालं असं मी मानतो. वाचनालय आणि बक्षीस कमिटी या दोन गोष्टी वेगळ्या, हे मला कळतं. पण काम एकच. दहा पुस्तकं समोर येतात, पैसा दोघांपुरता असतो, आठ जणांना नाही म्हणायचं असतं.

१८५५ साली या कमिटीपुढं एक नाटक आलं. 'तृतीय रत्न'. लेखक जोतीराव फुले, वय २८. तेव्हा मुलींच्या शाळा आणि महारामांगांच्या शाळा काढून झाल्या होत्या आणि त्याच साली जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. नाटकात एक कुणबी आहे, त्याची बायको आहे, तिच्या पोटातल्या लेकराच्या नावानं ग्रहदशा सांगून दोघांना लुबाडणारा जोशी आहे. पाद्री आहे. आणि मधूनमधून टोचून बोलणारा विदूषक आहे. शेवटी हे जोडपं शिकायचं ठरवतं आणि रात्रीच्या शाळेची वाट धरतं. म्हणजे ज्यांच्या घामातून दक्षिणा निघाली त्यांचीच गोष्ट दक्षिणेच्या कमिटीसमोर ठेवली होती. कमिटीनं नाटक नाकारलं. जोतीरावांनी पुढं 'गुलामगिरी'त, १८७३ साली, हे स्वतः नोंदवून ठेवलं. भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढं काय झालं ते बघा. नाटक छापलं गेलं १९७९ साली. 'पुरोगामी सत्यशोधक' या आपल्यासारख्याच छोट्या नियतकालिकानं ते छापलं. १८५५ ते १९७९. मोजा. १२४ वर्षं. बंदी नव्हती, जप्ती नव्हती, कुणी जाळलं नव्हतं. फक्त निवड झाली नव्हती. या १२४ वर्षांत मराठी नाटकाचा इतिहास लिहून झाला, त्याच्या शताब्द्या साजऱ्या झाल्या, आद्य नाटककार ठरले. कपाटात जे होतं त्यावरून ठरले. नाकारणाऱ्याला शिवी द्यावी लागत नाही, हे या प्रकरणातून शिकायचं.

आता वाचनालयांकडं या. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. इंग्रज अंमलदार आणि गावातले सरदार, वकील, मुन्सफ, मास्तर यांनी मिळून ती काढली. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशी त्यांची नावं असायची. ती वर्गणीवर चालायची. वर्गणी भरायची, अनामत ठेवायची, पुस्तक घरी न्यायचं. वर्गणीदारांची सभा भरायची. सभेतून कार्यकारी मंडळ निवडायचं. मंडळ पुस्तकं मागवायचं. कागदावर बघितलं तर एकदम लोकशाही. वर्गणीदाराला हवं ते पुस्तक येणार, यात चूक काय? चूक एवढीच, की ज्याच्याकडं वर्गणी नाही, अक्षरओळख नाही आणि ज्याला त्या आळीतून जाताना अंग चोरावं लागतं, त्याची आवड कुठंच नोंदली जात नाही. 'मागणी' या शब्दाचा जन्म इथं झाला. मागणी म्हणजे वर्गणीदाराची मागणी. बाकीच्यांची ती इच्छा, आणि इच्छेला रजिस्टर नसतं.

त्याच काळात गोऱ्या सरकारनं दुसरी एक व्यवस्था केली. १८६७ चा छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा. पुस्तक छापलं की सरकारकडं प्रती द्यायच्या. दर तिमाहीला त्यांची यादी निघायची, काही प्रती लंडनला इंडिया ऑफिसकडं जायच्या. हेतू वाचकांच्या भल्याचा नव्हता. कोण काय छापतोय त्यावर नजर ठेवायची होती. तरी गंमत बघा. नजर ठेवणाऱ्याला निवड करता येत नाही. त्याला सगळंच घ्यावं लागतं. पोथीही घ्यायची, पंचांगही घ्यायचं, आणि भटशाहीला झोडपणारी चोपडीही घ्यायची. आपल्या गावच्या वाचनालयानं जे विकत घेतलं नाही ते परक्या सरकारच्या फडताळात जाऊन पडलं. म्हणून मी इंग्रजांना दुवा देणार नाही. पण इतिहास शोधायला निघालेल्या पोरांनी ही यादी विसरू नये.

१८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण जोतीरावांना धाडलं. जोतीरावांनी यायला नकार दिला आणि त्यांचं पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. त्यांचा मुद्दा असा होता, की जे लोक माणसाचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमचं आम्ही बघू. हे पत्र आपल्याकडं साहित्य संमेलनाच्या दिवसांत दरवर्षी निघतं. मला ते वाचनालयाच्या बाजूनंही वाचावंसं वाटतं. कारण 'आमचं आम्ही बघू' हे नुसतं बोलून झालं नाही. १८८८ साली दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. पेन्शनीतला शिपाई माणूस. १९०८ साली शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' सुरू केलं. नागपुरात किसन फागू बनसोड्यांनी स्वतःचा छापखाना टाकला. पातळ चोपड्या, स्वस्त कागद. वाचनालयाच्या भाषेत सांगायचं तर ही 'किरकोळ' पत्रकं. बांधणी नाही, कणा नाही, कपाटात उभी राहत नाहीत. जी उभी राहत नाहीत ती दाखल होत नाहीत आणि जी दाखल होत नाहीत ती पन्नास वर्षांनी सापडत नाहीत. मग विद्यापीठातला विद्वान लिहितो, साधनं उपलब्ध नाहीत.

४ ऑगस्ट १९२३. रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही हा ठराव माहीत असतो, कारण महाडचा सत्याग्रह त्याच्या पायावर उभा राहिला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. यादी पुन्हा वाचा. वाचनालय नाही. मी बोल्यांना दोष देत नाही. तहानलेल्या माणसानं आधी पाणीच मागावं. पण वाचनालय हे 'सार्वजनिक' नाव लावूनही वर्गणीदारांची खाजगी जागा समजलं जात होतं, एवढं यावरून दिसतं.

ती उणीव बाबासाहेबांच्या डोळ्यातून सुटली नव्हती. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं आणि अभ्यासवर्ग घातलेले आहेत. सभेनं सोलापूरला वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय काढलं. मोफत या शब्दावर बोट ठेवा. वर्गणी काढून टाकली की मागणीचा अर्थच बदलतो.

आणि पुस्तकखरेदी म्हणाल तर बाबासाहेबांएवढी खरेदी कोणत्या कमिटीनं केली? न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोट मारून जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. १९१७ साली परतताना सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं. महायुद्ध चालू होतं, बोट पाणतीरानं बुडवली. थॉमस कुक कंपनीनं नुकसानभरपाई दिली ६०० रुपये. त्यानंतरही माणूस थांबला नाही. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात सकाळपासून बंद होईपर्यंत बसला. म्हणजे मघाशी सांगितलेल्या त्याच फडताळांपाशी. मग दादरला 'राजगृह' बांधलं, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. आपला पुष्कळसा ग्रंथसंग्रह त्यांनी सिद्धार्थला दिला. आपण बाबासाहेबांचं पुस्तकवेड भक्तिभावानं सांगतो. किती तास वाचायचे, जेवण कसं विसरायचे. ते खरंच आहे. पण त्यात हिशेबही होता. दुसऱ्यानं निवडलेल्या कपाटावर आपल्या पोरांचा अभ्यास टांगून ठेवायचा नाही, हा तो हिशेब. ते काय घेत होते बघा. अर्थशास्त्र, कायदा, धर्मशास्त्र, बौद्ध वाङ्मय, चरित्रं. शत्रूचे ग्रंथसुद्धा. विरोधी पुस्तक कपाटात नको, असं त्यांनी केलं नाही. मनुस्मृती जाळली त्यांनीच, आणि ओळ न् ओळ वाचून त्यावर लिहिलंही त्यांनीच.

आता सरकारी वाटेवर येऊ. १९३९ साली मुंबई सरकारनं असफ फैजींच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. १९४० ला अहवाल आला. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड त्यांनी सुचवली. युद्ध संपल्यावर, १९४७ पासून अंमल सुरू झाला. पण नव्या इमारती, नवी माणसं परवडणार नव्हती. म्हणून आधीपासून असलेल्या संस्थांनाच जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता दिली आणि अनुदान सुरू केलं. इथं खरी मेख आहे. वर्गणीदारांच्या घरात सरकारी पैसा गेला, घर वर्गणीदारांचंच राहिलं.

तिकडं मद्रासनं १९४८ साली वेगळा रस्ता धरला होता. रंगनाथन हे तिथले ग्रंथालयशास्त्रज्ञ. वाचकाला हवं ते पुस्तक मिळालं पाहिजे आणि पुस्तकालाही आपला वाचक गाठता आला पाहिजे, अशा अर्थाचे नियम त्यांनी १९३१ सालीच मांडले होते. मद्रासच्या कायद्यानं घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला आणि त्यातून सार्वजनिक वाचनालयं चालवली. कर भरणारा तो मालक. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला १९६७ साली. त्यात उपकर नाही. संस्था खाजगी, ट्रस्ट म्हणून नोंदलेली. सरकार तिला अ, ब, क, ड वर्ग देणार आणि अनुदान देणार. या कायद्यानं महाराष्ट्रात वाचनालयं गावोगाव गेली, बारा हजारांच्या वर गेली, हे मान्य करायला हवं. त्यातली किती कागदावर होती ते २०१२ च्या पडताळणीत बाहेर आलं, ती वेगळी कथा.

खरेदी कशी होते ते जवळून बघा. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. प्रकाशकानं प्रत पाठवायची, निवड समितीनं पसंत करायची, मग नाव यादीत. १९७२ पासून कलकत्त्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान आहे. राज्यानं पैसा घातला की तेही घालतं, त्यातूनही पुस्तकं येतात. उरलेली खरेदी वाचनालयाचं मंडळ करतं. अनुदानाचा हप्ता उशिरा पडतो आणि मार्चअखेर हिशेब द्यायचा असतो. मग काय? मंडळातले दोघे शहरात जातात, नाहीतर विक्रेताच टेम्पो भरून येतो. जास्त कमिशन देणाऱ्याची पुस्तकं उचलायची, बिल घ्यायचं, दाखल रजिस्टरात एका रात्रीत दाखलांक टाकायचे. पाककृती, वास्तुशास्त्र, जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, यशाच्या गुरुकिल्ल्या. कोणी मुद्दाम दलित पुस्तक टाळतं असंही दरवेळी नसतं. टेम्पोत ते नसतंच. कारण आपला प्रकाशक तीनशे-पाचशे प्रती काढतो, त्याला चाळीस टक्के कमिशन परवडत नाही, यादीसाठी प्रत पाठवायची मुदत कधी गेली ते त्याला कळत नाही.

मी आमच्याकडच्या एका वाचनालयात 'गुलामगिरी' मागितली होती. महात्मा फुले समग्र वाङ्मय महाराष्ट्र सरकारच्याच मंडळानं १९६९ साली काढलं, पुढं त्याच्या आवृत्त्या निघाल्या, किंमत स्वस्त. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता. ग्रंथपाल म्हणाले, "नाही हो, मागणी नसते त्याला." मी म्हटलं, "मी मागतोय की." ते म्हणाले, "एकट्याची मागणी धरत नाहीत." माणूस वाईट नव्हता. त्याला मिळणारा पगार गिरणीतल्या बदली कामगारापेक्षा कमी. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. मी मागणीची वही मागितली. होती. कपाटावर होती, धूळ झटकून त्यांनी दिली. शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती, कुणीतरी स्पर्धा परीक्षेचं गाईड मागितलं होतं.

म्हणजे बघा. पुस्तक नाही म्हणून आपली पोरं जात नाहीत. पोरं जात नाहीत म्हणून वहीत नोंद नाही. नोंद नाही म्हणून पुस्तक नाही. या चक्रात कुणीही जातीयवादी ठरत नाही, सगळे नियमानं वागतात.

आणि 'मागणी नाही' हे तर धडधडीत खोटं आहे. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जा. स्टॉलच्या रांगाच्या रांगा. उसतोडीवरून आलेली बाई पदराची गाठ सोडून पोरासाठी बाबासाहेबांचं चरित्र घेते. वाचता येत नाही तीही घेते. मराठी पुस्तक खपत नाही म्हणून रडणाऱ्या प्रकाशकांनी दोन दिवस तिथं उभं राहावं. ग्रंथालयांच्या बाहेर मराठी माणूस रोख पैसे मोजून, डोक्यावर घेऊन पुस्तकं नेतो, ते दृश्य तिथं बघायला मिळतं. 'बलुतं' १९७८ साली आलं ते 'ग्रंथाली' या वाचक चळवळीतून, वाचकांपर्यंत थेट जाऊन. मागणी होती, आहे. ती वाचनालयाच्या वहीत नाही एवढंच.

सरकारलाही ही मागणी मोजता येत नाही, किंवा मोजायची नसते. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून राज्य सरकार काढतं. वसंत मूनांनी त्यासाठी आयुष्य घातलं. खंड आला की संपतो, मग वर्षानुवर्षं 'शिल्लक नाही'. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका बातमीची आपणहून दखल घेतली. बातमीतले आकडे असे: ९ लाख प्रती छापायचं ठरलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या ३३ हजार. बाकीचा कागद गोदामात. १८५५ ला कमिटीनं नाकारलं होतं. इथं तर मान्य करून, पैसा खर्चून, कागद आणून पुस्तक निघालं नाही.

तेव्हा आता कामाचं बोलू. वाचनालय हा ट्रस्ट आहे, त्याला सभासद लागतात, सभासदाला मत असतं. वर्गणी गुटख्याच्या महिन्याच्या खर्चापेक्षा कमी असते. वस्तीतल्या दहा जणांनी सभासद व्हायचं. मागणीच्या वहीत नोंद करायची. लेखक, पुस्तक, प्रकाशक, तारीख, सही. तोंडी सांगायचं नाही. वार्षिक सभेला जायचं आणि खरेदीची बिलं बघायला मागायची. अनुदान घेणारी संस्था आहे, उपकार नाहीत. आपली जुनी मासिकं, स्मरणिका, जलशांची चोपडी घरात माळ्यावर पडली असतील तर ती बांधून, पत्र जोडून भेट द्यायची आणि दाखलांक विचारून घ्यायचा. कपाटात ठेवलं आणि रजिस्टरात चढवलं नाही, तर पुढच्या साफसफाईत ते रद्दीत जातं. रजिस्टरात असलं तर बाद करायला निर्लेखनाचा ठराव करावा लागतो, तारीख पडते, सही पडते. निदान कुणी बाद केलं ते कळतं.

आणि एक करा. आपापल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन दाखल रजिस्टर बघा. फुले, आंबेडकर, अण्णा भाऊ, बागूल, ढसाळ, दया पवार, ऊर्मिला पवार, बेबीताई कांबळे यांची मिळून किती पुस्तकं दाखल आहेत, कोणत्या साली आली, विकत घेतली की भेट आली, एवढंच उतरवून आणा. विकत आणि भेट हा फरक नक्की लिहा. गावाचं नाव आणि आकडे पोस्टकार्डावर धाडा. पुढच्या अंकात छापू.